डीव्हीडी रेकॉर्डर आणि कोऱ्या डिस्क: आधी डिस्क ठरवा, मग यंत्र

काकांनी कॅमकॉर्डरच्या टेपांवरून सहा डीव्हीडी भरल्या होत्या. प्रत्येकीच्या कव्हरवर त्यांच्या बारीक अक्षरात तारीख आणि नावं. ते गेल्यावर त्या डिस्क माझ्याकडे आल्या आणि एकही माझ्या प्लेअरवर लागेना. घातली की थोडा वेळ आत घरघर, मग पडद्यावर तीच ओळ: डिस्क नाही. शेवटी एक डिस्क खिडकीशी नेऊन उजेडात तिरपी धरली. जांभळट पृष्ठभागावर मधल्या भोकाच्या बाजूने बोटभर रुंदीचं एक कडं जरा गडद दिसत होतं, बाहेरचा भाग फिका. लेझरने जिथवर लिहिलं तिथवर रंग बदललेला असतो. म्हणजे चित्रण होतं, जागच्या जागी होतं. काकांनी डिस्क फायनलाइझ, म्हणजे दुसऱ्या प्लेअरला वाचता येईल अशी पूर्ण, केली नव्हती, एवढंच. आणि ज्या रेकॉर्डरवर ती भरली, तो केव्हाच भंगारात गेला होता.

घरात पडलेल्या टेपा खराब व्हायच्या आत डिस्कवर घ्यायच्या असतील, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. आज मिळणारे बहुतेक डीव्हीडी रेकॉर्डर वापरलेले असतात. फुनाई या कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीएचएस कॅसेट चालवणाऱ्या व्हीसीआरचं उत्पादन थांबवलं आणि नवीन व्हीसीआर मिळण्याचा मार्गच संपला. त्यामुळे चुकीचं यंत्र घेतलं तर 'बदलून घेऊ' म्हणायची सोय फारशी राहिलेली नाही. बरेच जण आधी रेकॉर्डर घेतात आणि मग समोर दिसतील त्या डिस्क उचलतात. माझा अनुभव सांगतो की क्रम उलटा हवा: काय भरायचंय, ते कुठे बघायचंय, त्यासाठी कोणती डिस्क, आणि मग ती डिस्क नीट लिहिणारं यंत्र.

पहिली पायरी: टेपा मोजा

एक वही घ्या आणि प्रत्येक टेप कोणत्या जातीची आहे, किती मिनिटांची आहे ते लिहून काढा. व्हीएचएस, व्हिडिओ८, हाय८, डिजिटल८, मिनीडीव्ही अशा जाती घरोघरी सापडतात. या यादीवरून रेकॉर्डरला कोणते सॉकेट लागतील आणि डिस्क किती लागतील, दोन्ही कळतं.

टेप पाल पद्धतीची आहे की एनटीएससी, हेही लिहा. देशोदेशींच्या टीव्ही-चित्राच्या या दोन पद्धती. पालमध्ये सेकंदाला २५ चित्रं आणि डीव्हीडीवर ७२० गुणिले ५७६ बिंदू, तर एनटीएससीमध्ये सेकंदाला २९.९७ चित्रं आणि ७२० गुणिले ४८०. परदेशातल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या कॅसेटमध्ये ही गफलत हमखास होते. रेकॉर्डर ती पद्धत घेत नसेल तर चित्र काळंपांढरं येतं, लोळतं किंवा येतच नाही. कोऱ्या डिस्कला मात्र पाल-एनटीएससी नसतं आणि रीजन कोड, म्हणजे ठरावीक प्रदेशातच चालण्याचं बंधन, तेही नसतं, त्यामुळे डिस्क घेताना ही काळजी नको.

मिनीडीव्ही आणि डिजिटल८ टेपांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांच्यावरचं चित्रण आधीच डिजिटल आहे, सेकंदाला सुमारे २५ मेगाबिट. डीव्हीडी रेकॉर्डर ते एमपीईजी-२ या डीव्हीडीच्या पद्धतीत पुन्हा दाबून बसवतो, म्हणजे तपशील जातोच. फायरवायर (डिजिटल कॅमकॉर्डर जोडायचं सॉकेट) असलेला संगणक मिळत असेल तर टेप जशीच्या तशी त्यावर उतरवून घ्या. तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. डीव्हीडी नंतर कधीही बनवता येईल. हाय डेफिनिशन चित्रण असेल तर डीव्हीडी रेकॉर्डरचा विचारच नको, कारण डीव्हीडी व्हिडिओची मर्यादा वर दिलेल्या बिंदूंवर संपते. व्हीएचएस, व्हिडिओ८ आणि हाय८ या अॅनालॉग टेपांसाठी मात्र हे यंत्र आजही चांगलं काम करतं. संगणकापुढे तासन्‌तास न बसता, दोन बटणांत.

दुसरी पायरी: डिस्कची जात ठरवा

इथे खरा गुंता आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. कोऱ्या डीव्हीडीच्या दोन छावण्या पडल्या. डीव्हीडी फोरम या संघटनेने डीव्हीडी-आर, डीव्हीडी-आरडब्ल्यू आणि डीव्हीडी-रॅम हे प्रकार मान्य केले. फिलिप्स, सोनी, ह्यूलेट-पॅकार्ड वगैरे कंपन्यांनी वेगळी फळी उभी करून डीव्हीडी+आरडब्ल्यू आणि डीव्हीडी+आर आणले. बोलताना आपण मायनस आर आणि प्लस आर म्हणतो. दिसायला दोन्ही सारख्या, क्षमता जवळपास सारखी, पण फक्त मायनस लिहिणाऱ्या रेकॉर्डरमध्ये प्लस डिस्क घातली तर तो ती नाकारतो. सुरुवातीच्या यंत्रांत हे सरसकट असायचं. पहिला घरगुती डीव्हीडी रेकॉर्डर पायोनियरने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये आणला, तो मायनस छावणीचा. पॅनासॉनिक आणि तोशिबाचा भर रॅमवर, फिलिप्सचा प्लसवर. पुढे दोन्ही बाजू लिहिणारी यंत्रं आली.

यंत्राच्या दर्शनी भागावरचा शिक्का वाचा. 'डीव्हीडी मल्टी' असेल तर फोरमचे तिन्ही प्रकार चालतात, प्लस चालेलच असं नाही. 'सुपर मल्टी' असेल तर प्लससुद्धा.

आता एकेक जात.

टेपा कायमच्या जतन करायच्या तर एकदाच लिहिता येणारी डिस्क घ्या, डीव्हीडी-आर किंवा डीव्हीडी+आर. खूप जुना प्लेअर असलेल्या घरी डिस्क द्यायची असेल तर मी डीव्हीडी-आर देतो, कारण ती १९९७ पासून आहे आणि प्लस आर २००२ ची. त्या पाच वर्षांत बनलेल्या प्लेअरना प्लसची ओळखच नसू शकते. काही रेकॉर्डर आणि संगणकाचे ड्राइव्ह प्लस आर लिहिताना तिच्यावर 'ही छापील डीव्हीडी आहे' अशी खूण घालतात. ती सोय असेल तर प्लस आरही जुन्या प्लेअरवर निमूट चालते.

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. आर डिस्कमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो, लेझरने तो कायमचा बदलतो. आरडब्ल्यूमध्ये मिश्रधातूचा थर असतो, तो तापवून स्फटिकरूप किंवा अस्फटिक अशा दोन अवस्थांत नेता येतो. साधारण हजार वेळा पुसता येते असं धरतात. तिचा दोष म्हणजे ती प्रकाश कमी परावर्तित करते: आर डिस्क ४५ ते ८५ टक्के, आरडब्ल्यू १८ ते ३० टक्के. जुन्या प्लेअरच्या भिंगाला हा मंद उजेड पुरत नाही आणि तो डिस्क बाहेर टाकतो. जतनासाठी आरडब्ल्यू वापरू नका. पण घरात दोन-तीन आरडब्ल्यू असायलाच हव्यात. नव्या रेकॉर्डरची चाचणी, टेपचा रंग-आवाज तपासणं, सगळं तिच्यावर करता येतं आणि एकही आर डिस्क वाया जात नाही.

डीव्हीडी-रॅम ओळखायला सोपी. उजेडात फिरवली की पृष्ठभागावर छोट्या छोट्या तुटक रेघांची नक्षी दिसते, ती कारखान्यातच कोरलेली क्षेत्रांची खूण. काही रॅम डिस्क प्लास्टिकच्या डबीत बंद असतात. ही सर्वांत टिकाऊ जात, एक लाख वेळा लिहिता येईल अशी रचना, आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्याच डिस्कवरचा आधीचा भाग बघता येतो. पण बहुतेक साध्या प्लेअरवर ती चालत नाही. रॅम वाचणारं यंत्र तुमच्याकडे कायम राहणार असेल तरच तिच्या वाटेला जा.

दोन थरांची डिस्क ८.५ जीबीची असते, एका थराची ४.७ जीबीची. प्लस आर डीएल २००४ मध्ये आली, मायनस आर डीएल तिच्यानंतर. घरगुती रेकॉर्डरपैकी थोडेच ती लिहितात, आणि एका थरावरून दुसऱ्यावर जाताना चित्र क्षणभर थबकू शकतं. मला घरच्या चित्रणासाठी दोन साध्या डिस्क जास्त भरवशाच्या वाटतात.

४.७ जीबी म्हणजे ४.७ अब्ज बाइट. संगणक हाच आकडा ४.३८ दाखवतो, डिस्क खोटी नाही. आठ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्कवर १.४ जीबी बसतं. त्या कॅमकॉर्डरसाठी असतात.

आणखी दोन शब्द खोक्यावर दिसले तर थांबा. 'ऑथरिंग' लिहिलेली डीव्हीडी-आर वेगळ्या तरंगलांबीच्या लेझरसाठी असते, ती सामान्य रेकॉर्डरमध्ये लिहिली जात नाही. तुम्हाला 'जनरल' लिहिलेली हवी. 'सीपीआरएम' असलेली डिस्क ज्या प्रक्षेपणाची एकच प्रत काढायची परवानगी असते त्यासाठी लागते. घरच्या टेपांसाठी तिची गरज नाही.

तिसरी पायरी: रेकॉर्डर निवडा

आता यादी हातात आहे आणि डिस्क ठरली आहे. यंत्राची माहितीपुस्तिका इंटरनेटवर बहुधा मिळतेच, ती विकत घेण्याआधी उतरवून घ्या आणि 'वापरता येणाऱ्या डिस्क' हे पान आधी उघडा. त्यात कोणती जात, कोणत्या वेगापर्यंत, कोणत्या पद्धतीत, हे तक्त्यात दिलेलं असतं. वाचायची चालेल आणि लिहायची चालेल हे दोन वेगळे रकाने आहेत. विक्रेता सांगतो 'सगळ्या डिस्क चालतात', तेव्हा तो बहुधा वाचायच्या रकान्याबद्दल बोलत असतो.

मागची बाजू बघा. पिवळा, पांढरा, लाल हे तीन सॉकेट कंपोझिट चित्राचे आणि आवाजाचे. एस-व्हिडिओचं गोल, चार पिनांचं सॉकेट उजेड आणि रंग वेगवेगळे आणतं, त्यामुळे रंगांच्या कडा स्वच्छ येतात. हाय८ कॅमकॉर्डर आणि एस-व्हीएचएस व्हीसीआरला एस-व्हिडिओ असतं, साध्या व्हीएचएसला सहसा नसतं. डीव्ही सॉकेट बहुधा पुढच्या झाकणाखाली असतं. एक गोष्ट नीट तपासा: ही सॉकेट आत येणारी आहेत ना? कंपोनंटचे तीन रंगीत सॉकेट बऱ्याच रेकॉर्डरवर फक्त बाहेर जाणारे असतात आणि लोक त्यावर फसतात.

व्हीएचएस आणि डीव्हीडी एकाच डब्यात असलेलं जोडयंत्र सोयीचं खरं, पण दोहोंपैकी एक बिघडलं की दुसरंही अडकतं. टेपा थोड्या असतील तर घ्या. शंभर टेपा असतील तर चांगला व्हीसीआर वेगळा आणि रेकॉर्डर वेगळा.

आत हार्ड डिस्क असलेला रेकॉर्डर मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. टेप आधी हार्ड डिस्कवर घ्यायची, सुरुवातीचा निळा पडदा आणि मधल्या रिकाम्या जागा कापायच्या, प्रकरणं पाडायची, आणि मग तेच चित्रण जलद गतीने डिस्कवर उतरवायचं. या जलद प्रतीत चित्र पुन्हा दाबलं जात नाही, म्हणून प्रत मूळ रेकॉर्डिंगइतकीच चांगली. डिस्क बिघडली तर टेप पुन्हा चालवावी लागत नाही, दुसरी डिस्क लिहिली की झालं. फक्त हे लक्षात ठेवा की ही हार्ड डिस्क काढून संगणकाला जोडली तर त्यातलं सहसा काही वाचता येत नाही, तिची मांडणी त्या यंत्रापुरती असते. तिथे चित्रण साठवून ठेवू नका, पुढे सरकवत राहा.

जुन्या टेपांचं आणखी एक दुखणं असतं. टेप ताणलेली असते, चित्राची वरची कड वाकते, ओळी थरथरतात. काही रेकॉर्डर येणारा संकेत आत सावरून घेतात. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि डीएमआर-ईएस१५ यासाठी हौशी मंडळींत नावाजलेले आहेत, इतके की लोक त्यांच्यावर रेकॉर्डिंग न करता नुसता संकेत त्यांच्यातून पुढे नेतात. तुमच्या टेपा अशा वाकत असतील तर हे लक्षात असू द्या.

विकत आणलेल्या चित्रपटाच्या कॅसेटवर मॅक्रोव्हिजनची प्रत-बंदी असते आणि रेकॉर्डर अशी टेप ओळखून थांबतो. पण कधीकधी खराब झालेल्या घरच्या टेपलाही यंत्र तसंच समजतं आणि नकार देतं. यंत्र मोडलेलं नसतं. टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, व्हीसीआरचं ट्रॅकिंग जुळवा. तरीही अडलं तर वर सांगितल्यासारखं संकेत सावरणारं उपकरण मध्ये लागतं.

टीव्हीवरून रेकॉर्ड करायचं मनात असेल तर ट्यूनर बघा. बऱ्याच जुन्या रेकॉर्डरमधला ट्यूनर अॅनालॉग आहे आणि अनेक देशांतलं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं आहे. तिथे सेट-टॉप बॉक्सचा संकेत कंपोझिटने आत आणावा लागतो.

वापरलेलं यंत्र समोर आलं की पैसे द्यायच्या आधी पूर्ण फेरी मारा. ट्रे तीन-चार वेळा उघडा-बंद करा. आपली आरडब्ल्यू घाला, दहा मिनिटं रेकॉर्ड करा, थांबवा, फायनलाइझ करा, आणि ती डिस्क दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. नुसती छापील डीव्हीडी चालवून दाखवली तर त्यावर भागवू नका. वाचायला लेझरची थोडी ताकद लागते, लिहायला कितीतरी जास्त, आणि थकलेला लेझर छापील डिस्क आरामात वाचतो आणि लिहायला मात्र नापास होतो. त्यानंतर एक आर डिस्कही लिहून बघता आली तर उत्तम. रिमोट मागून घ्या. अनेक यंत्रांत फायनलाइझचा आदेश रिमोटच्या मेनूतूनच देता येतो, पुढच्या बटणांवर तो नसतो.

चौथी पायरी: डिस्क कोणी बनवली ते बघा

खोक्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना वेगवेगळे असू शकतात. एकाच ब्रँडच्या दोन खोक्यांत दोन कारखान्यांच्या डिस्क निघतात. खरी ओळख डिस्कमध्येच कोरलेल्या उत्पादक कोडमध्ये असते. रेकॉर्डर हाच कोड वाचतो आणि त्यावरून लेझर किती ताकदीने, कोणत्या ठोक्याने लावायचा हे ठरवतो. ओळखीचा कोड असेल तर आपल्या आठवणीतली नेमकी मात्रा वापरतो, अनोळखी असेल तर सरधोपट. म्हणून एकाच यंत्रात एक डिस्क वर्षानुवर्षं चालते आणि दुसरी पहिल्याच दिवशी अडखळते.

हा कोड संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये डिस्क घालून 'इमेजबर्न' किंवा 'डीव्हीडी आयडेंटिफायर' सारख्या प्रोग्राममध्ये दिसतो. 'एमसीसी' ने सुरू होणारे कोड मित्सुबिशीचे, ते व्हर्बाटिमच्या नावाने विकले जात. 'टीवायजी' आणि 'युडेन' हे तैयो युडेनचे. या दोन घराण्यांच्या डिस्कवर जतनाची कामं करणारे वर्षानुवर्षं विसंबले. तैयो युडेनने २०१५ च्या अखेरीस हा व्यवसाय बंद केला आणि व्हर्बाटिम २०१९ मध्ये मित्सुबिशी केमिकलने तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सला विकण्याचा करार केला. म्हणजे जुन्या लौकिकावर डोळे मिटून खरेदी करायचे दिवस गेले. कोडही नकली घातलेला सापडतो, त्यातही तैयो युडेनचा जास्त. कोड बघा, पण शेवटचा निकाल चाचणीने लावा.

वेगाबद्दल. घरगुती रेकॉर्डर टेपवरून थेट लिहिताना डिस्कचा वेग जवळपास १ एक्सच लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मेगाबिट. १६ एक्सच्या डिस्कने चित्र जास्त चांगलं येत नाही आणि काम लवकरही होत नाही. जलद प्रत काढतानाच वेग उपयोगी पडतो. उलट, यंत्र बनलं तेव्हा नसलेल्या वेगाची डिस्क त्याला अनोळखी असते. १ एक्स आणि २ एक्सच्या जमान्यात ४ एक्स डिस्क नव्याने आल्या, तेव्हा काही जुन्या यंत्रांत त्या घातल्यास डिस्क आणि यंत्र दोन्हींना इजा होऊ शकते, आधी फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्राम) बदला, अशी सूचना उत्पादकांना द्यावी लागली होती. आरडब्ल्यूच्या बाबतीत तर वेगाची भिंत पक्की आहे. ८ एक्सची प्लस आरडब्ल्यू ४ एक्सपर्यंतच्या यंत्रात लिहिलीच जात नाही. पुस्तिकेतल्या वेगाच्या आत राहा.

डिस्क हातात आल्यावर कडेने धरून बघा. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन पातळ चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या, रंगाचा थर त्यांच्या मध्ये. कड समान असली पाहिजे, कुठे डिंकाचा फुगवटा किंवा फट नको. मग उजेडात तिरपी करून बाहेरच्या काठाकडे नजर फिरवा. रंग फिरवून पसरवलेला असतो आणि काठाशी तो विरळ-दाट झाला तर ढगासारखे डाग दिसतात. कच्ची डिस्क आधी काठाशीच दगा देते. म्हणूनच मी चांगल्या डिस्कवरही शेवटची दहा मिनिटं कोरी सोडतो. चित्रण आतून बाहेर लिहिलं जातं, त्यामुळे ती दहा मिनिटं म्हणजे नेमका तो धोक्याचा काठ.

सुरुवातीला शंभरचं स्पिंडल, म्हणजे दांड्यावर रचलेली डिस्कची चळत, नको. दोन वेगळ्या उत्पादकांच्या पाच-दहा डिस्क घ्या, प्रत्येकीची एकेक पूर्ण भरून, फायनलाइझ करून, दोन-तीन प्लेअरवर शेवटची पाच मिनिटं मुद्दाम लावून बघा. जी पास झाली त्याच खेपेचं स्पिंडल घ्या.

पाचवी पायरी: भरताना

आर डिस्क घालताना पृष्ठभागाला बोट लावू नका. भरलेल्या डिस्कवरचा ठसा पुसता येतो, पण कोऱ्या डिस्कवरचा ठसा लिहिताना लेझरच्या आड येतो आणि तिथलं लेखन कायमचं कच्चं राहतं.

रेकॉर्डिंगची गती निवडताना लोक सर्वांत जास्त चुकतात. एका थराच्या डिस्कवर एक्सपी म्हणजे एक तास, एसपी दोन तास, एलपी चार, ईपी सहा. यंत्रागणिक नावं थोडी बदलतात. सहा तासांत सेकंदाला पावणेदोन मेगाबिटसुद्धा उरत नाहीत आणि यंत्र चित्राचे बिंदूही कमी करतं. 'व्हीएचएसचं चित्र तसंही मऊच असतं, मग चार तास का नको?' असं मला अनेकदा विचारतात. कारण जुन्या टेपवर मुंग्या असतात. प्रत्येक चित्रात त्या वेगळ्या जागी नाचतात आणि एमपीईजीला तो सगळा नवा तपशील वाटतो. मुंग्या टिपण्यात बिट संपतात आणि चेहऱ्यांना चौकोन पडतात. खराब टेपला चांगल्या टेपपेक्षा जास्त बिट लागतात. दोन तासांच्या वर जाऊ नका, शक्य असेल तर एक तास. दीड तासाच्या टेपसाठी बऱ्याच यंत्रांत एफआर नावाची सोय असते, ती चित्रणाच्या लांबीप्रमाणे डिस्क भरते.

मायनस आरडब्ल्यू पहिल्यांदा घातली की काही रेकॉर्डर ती आपणहून व्हीआर पद्धतीत तयार करतात. व्हीआरमध्ये काटछाट छान करता येते, पण साध्या प्लेअरला ती पद्धत कळत नाही. डिस्क दुसरीकडे चालवायची असेल तर आधीच मेनूत जाऊन 'व्हिडिओ मोड' निवडा. आर डिस्कवर एखादं चित्रण पुसलं तरी जागा परत मिळत नाही, फक्त नाव यादीतून जातं.

आणि फायनलाइझ. रेकॉर्डिंग संपलं की डिस्कवर चित्रण असतं, पण सुरुवातीची अनुक्रमणिका आणि शेवटची खूण नसते. त्याशिवाय दुसऱ्या प्लेअरला डिस्क म्हणजे काहीच नाही. फायनलाइझ करताना यंत्र हे सगळं लिहितं. काही मिनिटं लागतात, कधी वीसपर्यंत, आणि थोडीशीच भरलेली डिस्क कधी भरलेलीपेक्षा जास्त वेळ घेते. तेवढ्यात वीज जाऊ देऊ नका, घाबरून बटण दाबू नका. प्लस आरडब्ल्यूला ही पायरी सहसा लागत नाही, बाकी आर डिस्कना लागतेच. मी नियम करून घेतला आहे: डिस्क फायनलाइझ होऊन दुसऱ्या प्लेअरवर चालल्याशिवाय कव्हरवर नाव लिहायचं नाही. ज्या डिस्कवर नाव आहे ती झालेली डिस्क.

अशी अर्धवट राहिलेली डिस्क सापडली तर आशा सोडू नका. ज्या यंत्रावर ती भरली तेच किंवा त्याच घराण्याचं यंत्र मिळालं तर ती अजूनही फायनलाइझ होऊ शकते. नाहीतर संगणकावर 'आयसोबस्टर' सारखा प्रोग्राम अनुक्रमणिका नसतानाही चित्रण शोधून काढतो. काकांच्या सहापैकी चार डिस्क मी अशाच परत मिळवल्या.

सहावी पायरी: भरल्यानंतर

नाव लिहायला पाण्यावर आधारित शाईचा मऊ टोकाचा पेन घ्या. कागदी चिकटपट्टी लावू नका, तिने डिस्कचा तोल बिघडतो आणि पुढे कड सुटली तर ती यंत्रात अडकते. पुसायची वेळ आली तर मऊ कापडाने आतून बाहेर सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा वाचनाच्या वाटेला समांतर जातो आणि सलग बराच मजकूर खातो.

डबीत, उभी, अंधारात. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके आणि तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात दीर्घ साठवणीसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सांगितली आहे. घरात एवढं जमत नाही. निदान ऊन लागणारी खिडकी, टीव्हीच्या वरची गरम जागा आणि ओल येणारी भिंत टाळा. रंगाच्या थराला ऊन सर्वांत वाईट.

प्रत्येक चित्रणाच्या दोन डिस्क करा, दोन वेगळ्या उत्पादकांच्या, आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. फायनलाइझ झालेली डिस्क संगणकात घातली की 'व्हिडिओ_टीएस' नावाचं फोल्डर दिसतं. ते पूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर उतरवा, यात दर्जा जराही कमी होत नाही. वर्षा-दोन वर्षांनी एकदा डिस्क संगणकात घालून हेच फोल्डर पुन्हा वाचून बघा. शेवटच्या भागात वेग पडू लागला, ड्राइव्ह पुन्हा पुन्हा मागे जाऊ लागला, तर त्याच दिवशी नवी प्रत काढा.

टेपा फेकू नका. व्हीएचएस कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी मोडून टाका म्हणजे चुकून वर दुसरं रेकॉर्ड होणार नाही, पूर्ण मागे गुंडाळा आणि उभ्या ठेवा. काकांच्या उरलेल्या दोन डिस्क संगणकालाही वाचता आल्या नाहीत. काकूंना विचारलं तेव्हा त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून हाय८ च्या टेपांचा डबा काढून दिला. एस-व्हिडिओची वायर लावून, एक तासाच्या गतीने, त्या दोन्ही पुन्हा भरल्या. या वेळी फायनलाइझ करून.